मालदीव आणि राजा अंपत : पडत्या वर्षाच्या मापाने

खान्देशात शेत विकत घेताना जाणता माणूस भरल्या वर्षाचे उत्पन्न विचारत नाही. पाऊस हुकला त्या वर्षी या रानाने काय पिकवले, हे तो आधी विचारतो. समुद्राखाली उतरण्यासाठी लाखांच्या घरात पैसे मोजून जिथे जायचे, त्या जागेचे मोलही याच मापाने करावे, असे दोन सफरींनंतर माझे मत झाले आहे. मालदीव असो की इंडोनेशियातील राजा अंपत, तिथल्या उत्तम बुड्यांची छायाचित्रे सगळीकडे दिसतात आणि ती बहुतेक खरीच असतात. मात्र ज्या दिवशी मोठा मासा येत नाही, पाणी गढूळ असते किंवा प्रवाह उलटा लागतो, त्या दिवशी पाण्याखाली तासभर काय पाहायला मिळते, हे सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून ही तुलना मी मुख्यतः फिक्या बुड्यांवरून केली आहे.

मी धुळ्यातील एका महाविद्यालयात भूगोल शिकवते. स्कूबा डायव्हिंग मी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी अंदमानातील स्वराज द्वीपावर शिकले, पुढे अ‍ॅडव्हान्स्डचा अभ्यासक्रमही तिथेच पूर्ण केला, आणि मालदीवला निघाले तेव्हा माझ्या नोंदवहीत ५२ बुड्या जमा होत्या. दोन्ही वेळा पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा जोडीदार म्हणून बरोबर होता. दोन्ही सफरी लिव्हअबोर्ड पद्धतीच्या होत्या, म्हणजे राहणे, जेवणे, झोपणे सारे बोटीवरच, आणि बोट एका जागेहून दुसऱ्या जागी जात असताना दिवसातून तीन-चार वेळा पाण्यात उतरणे. शिक्षकी पेशामुळे हंगाम निवडण्याची मुभा मला नव्हती. मालदीवला एप्रिलच्या अखेरीस जाता आले आणि राजा अंपतला दिवाळीच्या सुट्टीत. बॅग भरत असताना आईने विचारले होते, "इतला पैसा खर्च करीसन पानीमा काय दखाले जास?" प्रश्न रास्त होता.

मालदीवविषयी लिहिण्यापूर्वी एका विषयांतराची परवानगी घेते. धुळे-नंदुरबार भागात शेता-माळांतून कित्येक किलोमीटर सरळ रेषेत गेलेल्या काळ्या दगडाच्या भिंती दिसतात. भूशास्त्रात त्यांना डाईक म्हणतात, आणि ज्या लाव्हाने सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे पठार घडवले, त्याच उलथापालथीच्या त्या खुणा आहेत. पृथ्वीच्या पोटातून हा लाव्हा जिथून वर आला, तो तप्त बिंदू आज हिंदी महासागरातील रीयुनियन बेटाच्या बाजूला आहे. भारताचा भूपट्ट त्याच्यावरून उत्तरेकडे सरकत गेला, तसा मागे लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांचा पाया रचला गेला. कालांतराने तिथले ज्वालामुखी खचले, कडेची प्रवाळे मात्र वर वाढत राहिली, आणि उरली ती बांगडीच्या आकाराची कंकणद्वीपे. आमच्या गावामागचा कातळ आणि मालदीवच्या प्रवाळाखाली खोल गाडला गेलेला कातळ या एकाच चुलीवरच्या दोन भाकरी आहेत, हे बोटीवर सांगितले तेव्हा दोन जर्मन पाहुणे नम्रपणे हसले आणि भाचा दुसरीकडे पाहू लागला.

हे विषयांतर अगदीच अनाठायी नाही, कारण मालदीवमधील बुडीची प्रत या बांगडीच्या रचनेवरच ठरते. अशा २६ कंकणद्वीपांत मिळून सुमारे १,१९० बेटे आहेत. बांगडीला जागोजाग खिंडी असतात, त्यांना तिथल्या दिवेही भाषेत कंडू म्हणतात. पाण्याखालीच राहिलेल्या प्रवाळाच्या टेकडीला थिला, आणि पृष्ठभागाजवळ पोहोचलेल्या लहान टेकडीला गिरी. डिसेंबर ते एप्रिल या ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात महासागराचे स्वच्छ पाणी पूर्वेच्या खिंडींतून आत शिरते आणि आतील प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, घेऊन पश्चिमेकडून बाहेर पडते. त्यामुळे या दिवसांत शार्क पाहायचे ते पूर्वेच्या कडेला आणि प्लवक खाणारे अवाढव्य पाकट, म्हणजे मांटा, पश्चिमेच्या. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की हे चित्र उलटते. ज्या सफरीच्या वेळापत्रकात ऋतूनुसार कड बदललेली दिसत नाही, तिच्यापासून दूर राहावे.

आमचा मार्ग राजधानी मालेजवळच्या हुलहुमालेहून दक्षिण माले, वावू, अरी या कंकणद्वीपांतून आणि परत असा होता. सात रात्री, १९ बुड्या. वावूच्या कडेवरील मियारू कंडू ही माझी तिथली सर्वोत्तम बुडी. मियारू म्हणजे शार्क. बीसीडीतील, म्हणजे तरंगण्यासाठीच्या फुगत्या जाकिटातील, हवा आधीच काढून टाकायची, धोनीवरून, म्हणजे सोबतच्या होडीवरून, उडी घ्यायची आणि पृष्ठभागावर क्षणभरही न रेंगाळता थेट खाली जायचे, अशी सूचना होती. कारण इथे अर्धा मिनिट गमावला तर प्रवाह माणसाला खिंडीच्या आत ओढून नेतो आणि मग पाहण्यासारखे काही उरत नाही. २८ मीटरवर खिंडीच्या उंबरठ्याशी पोहोचून मृत खडकाच्या भेगेत जाकिटाला दोरीने जोडलेला हूक अडकवला, दोरी ताणली गेली, आणि मी दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यासारखी आडवी फडफडू लागले. मास्क थरथरत होता. मान वळवली तर तो चेहऱ्यावरून निघून जाईल या भीतीने मी फक्त समोर पाहत राहिले. समोर करडे शार्क होते. मी १७ मोजले. मला ज्या पाण्यात बोटही सोडवत नव्हते, त्या पाण्यात ते शेपटीची एखादी हालचाल करून जागच्या जागी तरंगत होते. एक जण इतका जवळून गेला की त्याच्या कल्ल्यांच्या फटी मला मोजता आल्या. अठरा मिनिटांनी मनगटावरच्या डायव्ह कॉम्प्युटरने वर जाण्याची वेळ झाल्याचे दाखवले. मालदीवमध्ये कायद्याने ३० मीटरच्या खाली जाता येत नाही आणि हा नियम चांगला आहे, कारण त्या क्षणी मी आपणहून थांबले असते याची मला खात्री नाही.

मालदीवने २०१० साली शार्कच्या मासेमारीवर पूर्ण बंदी घातली, आणि अशा बुडीत तिचे फळ डोळ्यांना दिसते. परंतु दुसऱ्याच दिवशी, तशाच एका खिंडीत, भरती-ओहोटीचे गणित चुकले आणि प्रवाह बाहेरच्या दिशेने वाहताना सापडला. पाणी ताकासारखे. शार्क नव्हते. मग नजर साहजिकच खडकाकडे वळली, आणि मालदीवची खरी उणीव तिथे कळली. १९९८ च्या एल निनोने तिथली उथळ प्रवाळे मोठ्या प्रमाणावर मारली, सावरू पाहत होती तोवर २०१६ चे विरंजन, म्हणजे गरम पाण्याने प्रवाळे पांढरी पडणे, झाले, आणि पुन्हा २०२४ मध्ये जगभर तीच लाट आली. आम्ही उतरलो त्या कित्येक जागी पाच-सात मीटरच्या पट्ट्यात मोडक्या फांद्यांचा करडा सडा पडलेला होता, त्यावर पोपटी मासे चोच मारत फिरत होते, आणि ३० अंशांच्या कोमट पाण्यात काही जिवंत प्रवाळे फिकुटलेली दिसत होती. खोल भागात, थिलांच्या कपारींत, पिवळी-जांभळी मऊ प्रवाळे आणि निळ्या पट्ट्यांच्या स्नॅपरचे दाट थवे अजूनही आहेत. अरीतील फिश हेड आणि माया थिला या दोन्ही जागा मला मनापासून आवडल्या. तरीही मालदीवमध्ये बहुतेक वेळा आपण एखाद्या प्राण्याच्या भेटीला जातो, आणि तो घरी नसेल तर अंगणात थांबण्यासारखे फार काही नसते.

दक्षिण अरीच्या बाहेरील कडेला व्हेल शार्क वर्षभर दिसतो, हे खरे. आमच्या वाट्याला साडेतीन तास धोनीच्या टपावर उन्हात उभे राहून पाण्यातील सावल्या शोधणे आले, आणि शेवटी सावली सापडली तेव्हा तिच्याभोवती आठ बोटी आधीच पोहोचल्या होत्या. मी पाण्यात उडी घेतली आणि मला इतर माणसांच्या फ्लिपरांखेरीज काही दिसले नाही. वावूतील अलिमथाची रात्रीची बुडी प्रसिद्ध आहे. धक्क्याजवळच्या उथळ पाण्यात अनेक नर्स शार्क आणि पाकटे माणसांना घासून जातात. पहिल्यांदा जाणाऱ्याने ती अवश्य करावी. माझ्यापुरते सांगायचे तर इतक्या टॉर्च, इतके पाय आणि इतकी धूळ मी यापूर्वी सारंगखेड्याच्या यात्रेतच पाहिली होती. मांटाने मात्र निराश केले नाही. पश्चिमेच्या रंगाली मदिवरूला तीन मांटा बारक्या माशांकडून अंगाची सफाई करून घेण्यासाठी एकाच दगडावर आळीपाळीने येत राहिले. मांटांसाठी सर्वांत गाजलेल्या हनिफारू उपसागराच्या आशेने जाणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: तिथला हंगाम जून ते नोव्हेंबर असतो, आणि तिथे सिलिंडर लावून उतरण्यास बंदी आहे, फक्त स्नॉर्केलिंग करता येते.

राजा अंपत म्हणजे चार राजे. वायगेओ, बटांटा, सालावाती आणि मिसूल ही चार मोठी बेटे आणि त्यांच्या आसपासची दीड हजारांवर लहान बेटे पापुआच्या पश्चिम टोकाशी विखुरलेली आहेत. प्रशांत महासागराचे पाणी हिंदी महासागराकडे जाताना या बेटांमधल्या सामुद्रधुन्यांतून ढकलले जाते, खोलातील पोषकद्रव्ये वर येतात, आणि त्या खतपाण्यावर तिथले प्रवाळ पोसले जाते. कठीण प्रवाळांच्या ५५० हून अधिक जाती इथे नोंदवल्या आहेत. जगात ज्ञात असलेल्या जातींपैकी सुमारे तीन चतुर्थांश. वायगेओ आणि बटांटा यांच्यामधील डॅम्पियर सामुद्रधुनीत केप क्री नावाची जागा आहे, तिथे मत्स्यतज्ज्ञ जेराल्ड अ‍ॅलन यांनी २०१२ मध्ये एकाच बुडीत माशांच्या ३७४ जाती मोजल्या. घरी बसून वाचताना हा आकडा मला फुगवलेला वाटला होता.

केप क्रीला उतरल्यावर दहाव्या मिनिटाला मी मोजणे सोडून दिले. मासे थव्याने नव्हते, थरांनी होते: तळाशी स्वीटलिप्स, त्यांच्यावर स्नॅपर, त्यांच्यावर फ्युझिलियर, आणि या सगळ्यांना कापत जाणारे ट्रेव्हली. पण मला या ठिकाणाची प्रत पटली ती या गर्दीमुळे नव्हे. सफरीच्या चौथ्या दिवशी एका अनामिक उतारावर आम्हाला उतरवले गेले. ठरलेल्या जागी आधीच दुसरी बोट होती, म्हणून ही बदली व्यवस्था होती. प्रवाह नव्हता, मोठा मासा नव्हता, दृश्यमानता जेमतेम १२ मीटर. गाइड एका समुद्रपंख्याशी, म्हणजे पंख्याच्या आकाराच्या प्रवाळाशी, थांबला आणि त्याने धातूची काडी एका फांदीजवळ धरली. मला फक्त गुलाबी गाठी दिसल्या. त्याने काडी हलवली, मी मान हलवली, त्याने पुन्हा दाखवले. शेवटी मी समजल्याची खूण करून बाजूला झाले. वर आल्यावर भाच्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र मोठे करून दाखवले: त्या गाठींपैकी एका गाठीला डोळा होता, आखूड नाक होते आणि फांदीला गुंडाळलेली शेपटी होती. दोन सेंटिमीटरचा बटू समुद्रघोडा.

"मावशी, तू तर मान हलवलीस ना?" त्याने विचारले.

"चाळिशी खोलीत राहिली रे माझी," मी म्हणाले. पन्नाशीकडे झुकलेल्या वाचकांनी राजा अंपतला जाण्यापूर्वी मास्कमध्ये वाचनाच्या काचा बसवून घ्याव्यात. मालदीवमध्ये त्यांची गरज भासत नाही.

त्याच उतारावर, एका थाळीसारख्या प्रवाळाखाली, वोबेगाँग शार्क पडलेला होता. मियारू कंडूच्या शार्कशी याचे काही नाते असेल असे कोणाला वाटणार नाही. चपटा, ठिपक्याठिपक्यांचा, तोंडाभोवती मांसल झालर असलेला हा प्राणी आमच्याकडच्या जुन्या गोधडीची घडी कोणीतरी टाकून गेल्यासारखा दिसतो, आणि तो श्वास घेतो तेव्हाच गोधडीला तोंड असल्याचे कळते. बदली म्हणून मिळालेल्या त्या बुडीत मी ६८ मिनिटे खाली होते. राजा अंपतमधील १० रात्रींत ३३ बुड्या झाल्या, त्यांतील दोन हुकल्या असत्या तरी मला वाईट वाटले नसते. मालदीवच्या १९ मध्ये अशा सहा होत्या.

त्या दोहोंपैकी एक मांटा सँडी. आरबोरेक बेटाजवळ वाळूवर दगडांची ओळ आखलेली आहे, तिच्यामागे बसून मांटांची वाट पाहायची असते. आम्ही चाळीस मिनिटे वाट पाहिली आणि वाळू पाहिली. पाण्याबद्दलही भ्रम नसावा. राजा अंपतची जी निळीशार चित्रे प्रसिद्ध होतात, ती बहुधा बेटांच्या माथ्यावरून काढलेली असतात. पाण्याखाली मला १० ते १८ मीटर, हिरवट आणि कणाकणांनी भरलेले पाणी मिळाले, तर मालदीवमध्ये चांगल्या दिवशी २५ ते ३० मीटर. ज्या खतपाण्यामुळे पीक येते, त्यामुळेच पाणी गढूळ होते, याला इलाज नाही. प्रवाहही इथे कमी नाहीत. केप क्रीच्या टोकाला पाणी अचानक खाली ओढते, आणि तिथे गाइडच्या पुढे जाणे मूर्खपणाचे आहे.

मिसूलचा दक्षिण भाग मात्र वेगळ्याच पातळीवरचा आहे. बू विंडोज येथे खडकाला पृष्ठभागाजवळच आरपार दोन खिडक्या आहेत, आणि त्यांच्या चौकटी शेंदरी, जांभळ्या, पिवळ्या मऊ प्रवाळांनी इतक्या भरल्या आहेत की मूळ दगड शोधावा लागतो. मॅजिक माउंटनला खुल्या समुद्रातला मांटा आणि प्रवाळखडकांजवळचा मांटा हे दोन्ही येतात. आम्हाला एकच आला, आणि तो असताना मी पंधरा सेंटिमीटरच्या एका निळ्या-नारिंगी समुद्री गोगलगायीकडे पाहत होते. या भागात २००५ पासून मासेमारी वर्ज्य असलेले क्षेत्र आहे आणि त्यावर गस्त असते. स्थानिक गावांत सासी नावाची जुनी रीतही आहे: ठरावीक काळापुरती एखादी जागा बंद ठेवायची, तिथले काही काढायचे नाही, आणि मग सर्वांच्या संमतीने उघडायची. साक्री तालुक्यातील बारीपाड्याने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून जंगल परत आणले, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. धोका टळलेला नाही, हेही नोंदवते. राजा अंपतच्या बेटांवरील निकेलच्या खाणींवरून मोठा गदारोळ झाल्यावर जून २०२५ मध्ये इंडोनेशिया सरकारने पाचपैकी चार परवाने रद्द केले, एक चालू राहिला.

बोटींच्या बाबतीत मात्र मी मालदीवला झुकते माप देईन. तिथे मुख्य बोटीबरोबर धोनी नावाची स्वतंत्र होडी असते. सिलिंडर, कॉम्प्रेसर, ओले सूट सारे तिच्यावर, त्यामुळे राहत्या बोटीवर गोंगाट नाही आणि ओल नाही. धोनीवरून मोठे पाऊल टाकून उतरायचे आणि रुंद शिडीने वर यायचे. राजा अंपतमध्ये पिनिसी पद्धतीच्या लाकडी बोटीवरून रबरी होडीत, तिच्या काठावरून पाठीमागे कोलमडून पाण्यात, आणि परतताना पाण्यातच बीसीडी उतरवून वर द्यायची व स्वतःला काठावर ओढून घ्यायचे. दिवसातून चार वेळा हे केल्यावर माझ्या गुडघ्यांनी आणि खांद्यांनी आपापले मत नोंदवले.

मालदीवच्या बोटीविषयी एक तक्रार आहे. नाव देत नाही. नायट्रॉक्स म्हणजे जादा ऑक्सिजन मिसळलेली हवा. पहिल्या दोन दिवशी तिच्यातील ऑक्सिजन मोजणारा मापक बिघडलेला होता आणि सिलिंडरवर चिकटपट्टी लावून तिच्यावर ३२ (टक्के) लिहून दिले जात होते. ऑक्सिजनचे प्रमाण स्वतः मोजल्याशिवाय नायट्रॉक्स वापरायचा नाही, हे पहिल्याच धड्यात शिकवतात, कारण प्रमाण जास्त निघाले तर खोल पाण्यात झटके येऊन माणूस बुडू शकतो. मी आणि भाच्याने दोन दिवस साध्या हवेवर बुड्या मारल्या आणि वेळ कमी मिळाला तो सोसला. बाकीच्या आठ पाहुण्यांनी पट्टीवर विश्वास ठेवला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बोटीवरून मापक आला. सिलिंडर ३१ ते ३३ मध्येच निघाले. तरीही आमचा निर्णय चुकला असे मला वाटत नाही.

खर्चाचे आणि वाटेचे थोडक्यात सांगते. धुळ्याहून रात्रीची बस, मुंबईहून सुमारे तीन तासांचे विमान, आणि दुपारी मी हुलहुमालेच्या खाडीत बोटीवर होते. व्हिसा पोहोचल्यावर विनाशुल्क मिळतो, मात्र जानेवारी २०२५ पासून बोटीवरील प्रत्येक दिवसाला १२ डॉलर हरित कर आहे. सारे धरून माणशी पावणेदोन लाख रुपये लागले. राजा अंपतसाठी मुंबई, जकार्ता, सोरोंग असे घरापासून बोटीपर्यंत चाळीस तास गेले आणि माणशी सव्वाचार लाख लागले. तिथली लिव्हअबोर्ड मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिल चालतात, त्यामुळे उन्हाळी सुट्टीवाल्यांना दिवाळीखेरीज पर्याय नाही. मलेरियाच्या गोळ्यांबाबत डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. जेवण दोन्हीकडे चांगले. इंडोनेशियाच्या तिखट सांबलने ठेच्याची आठवण काढू दिली नाही, मालदीवच्या रोशीबरोबर (तिथली पोळी) मात्र घरून नेलेली ठेच्याची बाटली संपली.

चाळीस-पन्नास बुड्या झालेल्या, प्रवाहात घाबरत नसलेल्या आणि एका आठवड्याची रजा असलेल्या माणसाने मालदीवला फेब्रुवारी-मार्चमध्ये जावे, असे मी सांगेन. भाचा पुन्हा तिथेच निघाला आहे आणि त्याला करडे शार्कच हवे आहेत. मी पैसे साठवते आहे ते मिसूलसाठी.

राजा अंपतची आमची शेवटची बुडी आरबोरेक गावाच्या धक्क्याखाली होती, कारण दुसऱ्या दिवशीच्या विमानाआधी खोल जायचे नव्हते. पाच-सहा मीटर पाणी, लाकडी खांब, वर गावातल्या मुलांचे पळते पाय. खांबांना मऊ प्रवाळे लोंबत होती, त्यांच्यामधून चंदेरी बारक्या माशांचा पडदा दुभंगत आणि पुन्हा जुळत होता, आणि वाळूत अर्धवट पुरलेला मगरमासा माझ्या हातापासून वीतभर अंतरावर डोळे फिरवत होता. गाइडने सिलिंडरवर तिसऱ्यांदा टकटक केली तेव्हा मी घड्याळ पाहिले. ७४ मिनिटे झाली होती.